घे गं, लाजू नकोस

पहिल्या महिन्यात रडू येतंच गं. पुण्याहून, नाशिकहून, कोकणातून वर्षभरासाठी आमच्या अक्कलकोट तालुक्यात शिकवायला येणाऱ्या तुझ्यासारख्या मुली मी बघत आले आहे, आणि न रडलेली एकही मला भेटलेली नाही. तेव्हा आपण कमी पडतोय हे आधी मनातून काढून टाक. नवं घर, नवी भाषा, नवं काम आणि नवं पाणी, सगळं तू एकदम अंगावर घेतलंस. यातली एकेक गोष्टसुद्धा माणसाला दमवते. तू तर चारही घेऊन रोज सकाळी परिपाठाला वेळेवर उभी राहतेस. बघ, जमतंय तुला.

मी इथलीच. माहेर मैंदर्गीचं, सासर अक्कलकोटचं. घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी वाढले, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंही. त्यामुळे तुझी बाजू मला कळते आणि तुझ्यासमोर गप्प बसलेल्या पहिलीतल्या त्या पोराचीही कळते. दोघांच्या वतीने तुला एकच सांगायचंय: बाई गं, घ्यायला शिक. तू द्यायच्या तयारीने आलीस. तक्ते, गोष्टींची पुस्तकं, रंगीत कागद, सगळं बॅगेत भरून आणलंस. पण जो माणूस गावाकडून काहीच घेत नाही, तो गावाला पाहुणाच वाटत राहतो. आणि पाहुण्याचं बोलणं लोक चहा संपेपर्यंतच ऐकतात.

खोलीपासून सुरू करू. खोली बघताना भाडं शेवटी विचार. आधी संडास कुठे आहे आणि रात्री तिथे दिवा लागतो का ते बघ, पाणी किती दिवसांनी येतं ते विचार, आणि घरमालकीण दिवसभर घरी असते का याची चौकशी कर. जुनं माळवदाचं घर मिळत असेल तर नाक मुरडू नकोस. मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचंच माळवद, त्यामुळे उन्हाळ्यात ते सिमेंटच्या खोलीपेक्षा पुष्कळ गार राहतं. फक्त पावसाआधी माळवदावर माती टाकून घेतली का, एवढं विचारून ठेव. पत्र्याची खोली मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस. आमच्या सोलापूर जिल्ह्यात ऊन 43-44 अंशांपर्यंत चढतं. पत्र्याखाली तुला झोप लागणार नाही, आणि झोप नसलेली बाई वर्गात चिडते.

पाणी रोज येईल असं धरून चालू नकोस. झाकणाचा मोठा पिंप, दोन घागरी आणि एक माठ एवढं पहिल्याच आठवड्यात घेऊन टाक. बोअरचं पाणी जड असतं. डाळ लवकर शिजत नाही, केस राठ होतात. डाळ तासभर आधी भिजत घाल, आणि प्यायचं पाणी वेगळं आण नाहीतर उकळून घे. आता मुख्य गोष्ट. नळाला पाणी येईल तेव्हा तू नेमकी शाळेत असशील. मग जाताना किल्ली शेजारणीकडे दे आणि सांग, ‘काकू, पाणी आलं तर माझा पिंप भराल का?’ ‘त्यांना कशाला त्रास’ असं म्हणून तू गप्प बसलीस तर पिंप रिकामा राहील, आणि काकूंना वाटेल की ही पोर आपल्याला धरून नाही. एका किल्लीने इथे किती दारं उघडतात, ते तुला पंधरा दिवसांत दिसेल.

खाण्याचंही तसंच. आमच्याकडे दारात उभं राहिलेल्या माणसाला आधी ‘ऊटा आय्तेनु?’ म्हणजे जेवलीस का, असं विचारतात. त्यावर पुणेरी ‘हो हो, झालं’ म्हणायची घाई करू नकोस. बस, अर्धी भाकरी खा. ज्वारीची कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगांची चटणी, वर दही, आणि सोबत त्या घरातली सगळी बातमी. कोणाचं पोर शाळेत का येत नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची ऊसतोडीला जायची तयारी चालली आहे, हे हजेरीपटात सापडत नाही, चुलीपाशी सापडतं. आणि संकोच कसला? स्वामी समर्थ 1857 च्या सुमाराला अक्कलकोटात आले ते बाहेरूनच, आणि 1878 पर्यंत, समाधी घेईपर्यंत, इथेच राहिले. आज वटवृक्ष मंदिराजवळच्या अन्नछत्रात, 1988 पासून, कुठून कुठून आलेली माणसं पंगतीला बसतात. परक्याला जेवू घालायची या मातीला सवयच आहे. तुझी अर्धी भाकरी कोणाला जड होणार नाही.

एक मात्र आधीच विचारून घे. लिंगायत घरात खोली घेतलीस तर तिथे मांस-अंडं चालत नाही. घरात नेमाची लिंगपूजा असेल, पाळीच्या दिवसांत काही घरांत काही रीती असतील. मालकिणीला पहिल्या दिवशीच सरळ विचार, ‘काकू, तुमच्याकडे काय चालतं, काय नाही?’ तुला पटणार नाही असंही काही निघेल. ते तिच्या देवघरात तू पाळ, तुझ्या खोलीत तुझं तू ठरव, आणि तेही गोडीने सांग. न विचारता अंडं उकडलं आणि मग वास आला, यातून जे वाजतं ते मिटायला फार दिवस लागतात.

आता भाषेकडे ये, कारण तुझी खरी धाकधूक तीच आहे, ना? खरं सांगू का, तू महाराष्ट्रातच आहेस, तरी काही गावांत तुला परमुलखात आल्यासारखं वाटणार. दुधनी, नागणसूर, तोळणूर, तडवळ अशा भागात पुष्कळ घरांत चुलीपाशी कन्नडच चालतं. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, मराठी माध्यमाच्या आहेत, उर्दूही आहेत. तू मराठी शाळेत असलीस, तरी पहिलीच्या वर्गातली कितीतरी मुलं मराठी पहिल्यांदाच नीट ऐकत असतात. ती गप्प बसतात. नवीन बाईंना वाटतं, पोरं मंद आहेत की काय. अगं नाही! त्या वयात मीही बाकावर अशीच गप्प बसायचे. बाई काय विचारतात ते अंदाजाने कळायचं, उत्तरही यायचं, पण ते कन्नडमधून यायचं आणि तोंडातल्या तोंडात राहायचं. ज्या दिवशी बाईंनी माझं कन्नड उत्तर ऐकून घेऊन मान डोलावली, त्या दिवसापासून मी बोलायला लागले. म्हणून तुझ्या वर्गात पहिले काही आठवडे मराठी उत्तराचा आग्रह धरू नकोस. उत्तर बरोबर आहे का ते बघ, भाषा मागून येते.

आणि तू मुलांकडून कन्नड घे. रोज पाच शब्द पुरेत. ‘हेसरु एनु?’ म्हणजे नाव काय, ‘बा’ म्हणजे ये, ‘हेदरब्याड’ म्हणजे घाबरू नकोस, ‘मत्तोम्मे हेळु’ म्हणजे परत एकदा सांग. हे चार तर आजच पाठ कर. मोठ्या माणसांशी बोलताना शेवटी ‘री’ लावायला विसरू नकोस, इकडचा आदर त्या ‘री’मध्ये असतो. बायकांना ‘अक्का’ म्हण, पुरुषांना ‘अण्णा’. तुझा उच्चार ऐकून मुलं खिदळतील, खिदळू दे. शिकवणारी बाई आपल्याकडून शिकते आहे हे कळलं की मागच्या रांगेतलं पोरही पुढे सरकतं. वर्गाच्या भिंतीवर मोठा कागद लाव, एका बाजूला कन्नड शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि मुलांनाच भरू दे. दोन्ही देवनागरीत लिहिलंस तरी चालेल.

चुका कुठे होतील तेही सांगून ठेवते, म्हणजे तू घाबरणार नाहीस. कन्नडमध्ये खुर्ची, पाट, पुस्तक असल्या निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच असतात. मग ‘ती खुर्ची’, ‘तो पाट’ आणि ‘ते पुस्तक’ हे भेद त्या पोराने कुठून आणायचे? ‘तो खुर्ची’ म्हणालं तर हसू नकोस, तू फक्त सहजपणे ‘हो, ती खुर्ची आण’ म्हण आणि पुढे जा. ख, घ, भ ही अक्षरं बोलीत हलकी होतात, म्हणून वहीत ‘खडू’चा ‘कडू’ होईल. लाल शाईने पान रंगवू नकोस. तोंडाने मोठ्याने म्हणवून घे, कानाला फरक कळला की हात आपोआप सुधारतो.

गणितात तर फार जपून चाल. आपण ‘बावन्न’ म्हणतो, म्हणजे आधी दोन आणि मग पन्नास. कन्नडमध्ये ‘ऐवत्तेरडु’, आधी पन्नास आणि मग दोन, अगदी लिहितो त्या क्रमाने. आपल्या ‘एकोणसाठ’मध्ये तर ऐकू येतो साठ आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ. कन्नडमधलं पोर ‘ऐवत्तोंबत्तु’ म्हणतं, तिथे पन्नास आणि नऊ सरळ ऐकू येतात. मग ‘बावन्न लिहा’ म्हटल्यावर त्याने 25 लिहिलं, तर त्याला गणित येत नाही असं समजू नकोस. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीस, तेवीसच्या जोडीला ‘वीस दोन, वीस तीन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर किती गदारोळ झाला होता! बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा हेच समजावून सांगितलं होतं, की जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावं लहान मुलांना जड जातात. आमच्या सीमेवरच्या पोरांना तर ती दुप्पट जड. म्हणून आधी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून ‘पन्नास आणि दोन’ पक्कं कर, कन्नडमध्ये म्हणू दे, आणि मग ‘बावन्न’ दे. घाई केलीस तर वर्षभर तेच निस्तरत बसशील.

एक युक्ती सांगते, ती कोणी सांगत नाही. बालभारती मराठीसारखीच कन्नड माध्यमाचीही पुस्तकं काढते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. गणिताचं मराठी पुस्तक आणि तेच कन्नड पुस्तक शेजारी-शेजारी ठेव. कन्नड लिपी तुला वाचता येत नाही ना? मग जवळच्या कन्नड शाळेतल्या बाईंकडे जा आणि एक धडा वाचून दाखवायला सांग. त्यांना मराठीच्या एखाद्या गोष्टीत तुझी मदत लागत असेल, ती तू कर. दोन शाळा एकाच गावात असून वर्षानुवर्षं एकमेकींच्या दारात जात नाहीत, असं होतं. तुझ्या जाण्याने ते दार उघडलं तर फार बरं होईल. फेब्रुवारीत तर ठरवूनच कर. 21 तारखेला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिवस, 27 ला मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात मुलांना दोन्ही भाषांत गाणी म्हणू दे, आजीकडून ऐकलेली कन्नड गोष्ट मराठीत सांगू दे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सुरुवातीची वर्षं घरच्या भाषेतून शिकवण्यावरच भर आहे, तेव्हा कोणी भुवया उंचावल्या तर शांतपणे तेवढं सांग.

शाळेतल्या मोठ्यांशी कसं वागायचं, तेही ऐक. तुझं पत्र आधी नीट कर. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लेखी असू दे, एक प्रत मुख्याध्यापकांकडे, एक तुझ्याकडे. त्याशिवाय वर्गात पाऊल टाकू नकोस. मुलांचे फोटो काढून जगाला दाखवू नकोस, ती काही तुझ्या कामाची जाहिरात नव्हे. आणि वर्गशिक्षकांच्या डोक्यावर बसू नकोस. ते त्या गावात दहा वर्षं आहेत, तू दहा महिने असणार. त्यांना ऑनलाइन माहिती भरायची असते, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा असतो, दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळायचे असतात. तुला संगणक येतो म्हणून ते माहिती भरायला तुला बसवतीलही. रोज अर्धा तास आनंदाने कर, पण वर्गाची वेळ सोडून. आणि बदल्यात त्यांच्याकडून त्यांची माहिती घे: कोणतं मूल कधीपासून मागे पडलं, कोणाच्या घरी कसं बोलायचं. हे कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

कोणी छडी उगारताना दिसलं तर? पोटात गोळा येतो, माहीत आहे मला. मुलांसमोर काही बोलू नकोस, पण गप्पही राहू नकोस. शाळा सुटल्यावर एकट्याला गाठून सांग, की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे आणि मला याचं वाईट वाटलं. तरी थांबलं नाही तर मुख्याध्यापकांकडे जा, नंतर शाळा व्यवस्थापन समितीकडे. त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. ज्या चुलीपाशी तू अर्धी भाकरी खाल्लीस, तिथलीच एखादी अक्का त्या बैठकीत बसलेली असेल. तिला बोलू दे, तिच्या बोलण्याला तुझ्यापेक्षा जास्त वजन आहे.

वर्षाचं वेळापत्रक शाळेच्या भिंतीवरचं बघू नकोस, शेताचं बघ. आमच्याकडे पाऊस जूनमध्ये हुलकावणी देतो आणि खरा जोर सप्टेंबरात धरतो. तेव्हा काळी माती चपलेला अशी धरते की चप्पल सोडवत बसावं लागतं, म्हणून रबरी बूट घे. जूनच्या सुमाराला कारहुणवीला बैल सजतात, त्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा. मार्गशीर्ष अमावास्येला येळवस. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. भज्जी, उंडे, आंबील. कोणीतरी तुला बोलावेलच. जा! नवी साडी नसली तरी जा. पुढे तुरीची रास आणि ज्वारीची काढणी आली की मोठी मुलं शेतात आणि मोठ्या मुली घरात धाकट्यांना सांभाळायला. पट रिकामा दिसला की खचू नकोस. अनुताई वाघ 1945 मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या. तिथली मुलं गुरं राखायला जायची, तर त्यांनी कुरणातच शाळा नेली, कुरणशाळा. तू काही सगळी शाळा नेऊ नकोस, पण संध्याकाळी खळ्यावर तासभर गोष्टीचं पुस्तक घेऊन बसायला काय हरकत आहे? मात्र आधी सरांना आणि त्या घराला विचारून.

इथे कोणी सीमाप्रश्न काढला तर जास्त खोलात शिरू नकोस, पण माहिती असू दे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर वाद पेटला, 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालात अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्यात जावा अशी शिफारस होती, महाराष्ट्राने ती मानली नाही. 2022 च्या अखेरीस पुन्हा तोच विषय निघाला तेव्हा तालुक्यातल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली. त्यांची तक्रार रस्त्याची होती, पाण्याची होती, सोयींची होती. कोणी तावातावाने बोललं तर ऐक. ‘तुम्ही मराठी की कन्नड?’ हा प्रश्न मात्र मुलांना कधीही विचारू नकोस. ती दोन्ही आहेत, आणि त्यांना दोन्ही राहू दे.

जिवाची काळजी घे. रात्री बाहेर पडताना बॅटरी हातात आणि पायात बूट. उन्हाळ्यात विंचू निघतात, पावसात साप. चादर झटकून झोप, बूट झटकून घाल. काही चावलं तर भगताकडे नेऊ देऊ नकोस, 108 ला फोन कर आणि दवाखाना गाठ. अडचणीला 112 लक्षात ठेव. अक्कलकोटहून गावाकडे जाणारी शेवटची एसटी कधी सुटते ते कंडक्टरला विचारून घे आणि वडापवाल्यांपैकी घरमालकिणीच्या ओळखीच्या एकाचा नंबर ठेव. सोलापूर सुमारे 40 किलोमीटर आहे, पण अक्कलकोट रोड स्टेशन हे गावात नाही, दहा-अकरा किलोमीटर लांब आहे, रात्रीच्या गाडीने उतरणार असलीस तर कोणाला तरी आधी सांग. बँकेची, बाजाराची कामं गुरुवारी आणि पौर्णिमेला काढू नकोस, दर्शनाच्या गर्दीत दिवस जाईल. मानधन उशिरा येतं, म्हणून दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय घरून निघायचंच नाही. निघाली असशील तशीच, तर आईकडे माग. त्यातही लाजू नकोस.

संध्याकाळचं एकटेपण, त्याला मात्र माझ्याकडे औषध नाही, सोबत आहे. सातच्या सुमाराला वीज जाते, बाहेर कन्नड गप्पा चालू असतात, आणि आपल्याला कोणीच ओळखत नाही असं वाटतं. अशा वेळी मला सिंथिया फरार आठवते. 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईला आली, लग्न न झालेली, एकटी बाई. मिशनरी होती, तिचा हेतू वेगळा होता, ते असो. पण मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे नगरला गेली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण तिच्याकडे घेतलं असं सांगतात. घरून पत्र यायला तिला कित्येक महिने लागत असतील. तुझ्या हातात फोन आहे गं! फक्त तासन्‌तास त्यातच बसू नकोस. आईला रोज दहा मिनिटं, तेही जेवल्यानंतर. उपाशी पोटी केलेला फोन रडूनच संपतो. बाकी वेळ ओट्यावर येऊन बस. शेंगा फोडायला घे. हात चालले की बोलणं येतं, भाषा कोणतीही असो. सुट्टीच्या दिवशी फिर. गाणगापूरला जा, पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल बघ. ज्या बोरी नदीवर तो बांधलाय, तीच पुढे आपल्या कुरनूर धरणात येते.

आणि जाण्याची तारीख लपवू नकोस. पहिल्याच महिन्यात मुलांना सांग, मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आहे. लहान पोरांना अचानक गेलेली बाई फार लागते, सांगून गेलेली चालते. म्हणूनच मी सारखी म्हणतेय, की सगळं एकटीने करू नकोस. तू एकटीने केलेलं तुझ्याबरोबर बसमध्ये चढेल. सरांबरोबर केलेलं शाळेत राहील, आयांबरोबर केलेलं घरात राहील. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ अभियानापासून आयांचे गट झाले आहेत, त्यांच्यात जाऊन बस. ज्या आईला लिहिता येत नाही, तिला कन्नडमध्ये गोष्ट सांगता येते, कोडी घालता येतात, शेंगा मोजायला लावता येतात. तिला वाटतं की आपल्याला मराठी येत नाही म्हणून आपला काही उपयोग नाही. हे तिच्या मनातून काढणं, वर्षभरात एवढं एक काम जरी झालं ना, तरी तुझं येणं सार्थकी लागलं असं मी म्हणेन. प्रत्येक मुलाचं एक पान अशी वही ठेव: काय येतं, काय अडतं, कोणता शब्द कन्नडमधून सांगितला की डोळे चमकतात. मार्चमध्ये ती वही वर्गशिक्षकांच्या हातात दे, एक दिवस त्यांच्याबरोबर बसून पानं वाच.

बरं, आता पुरे झालं ऐकणं. उद्या संध्याकाळी काय करायचं ते सांगते. एक रिकामी वाटी घे, शेजारच्या काकूंच्या दारात जा आणि विरजण माग. विकतचं दही मिळतं दुकानात, माहीत आहे मला, तरी माग. त्या आत बोलावतील, जा. चहा देतील, घे. परवा ती वाटी परत करशील तेव्हा रिकामी देऊ नकोस, गूळ घाल, चार शेंगदाणे घाल, तुझ्या घरून आलेला लाडू घाल. आणि रविवारी माझ्याकडे जेवायला यायचंय, विचारत नाहीये, सांगतेय. येताना मळलेले कपडेही घेऊन ये, आमच्याकडे पाणी भरपूर आहे.